‘मुसलमान’ नावाचा सरकारी शिक्का : फ्रान्स-अल्जेरियाचं भांडण पुस्तकांतून समजून घेताना

२०२५ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या एका रेडिओवर जाँ-मिशेल अपाती हे ज्येष्ठ पत्रकार बोलत होते. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैनिकांनी ऑरादूर-स्यूर-ग्लान हे अख्खं फ्रेंच गाव कापून काढलं, त्याची आठवण आपण दरवर्षी जागवतो. पण अशी शेकडो ऑरादूर आपण स्वतः अल्जेरियात केली आहेत, असं ते म्हणाले. एवढ्यावरून गदारोळ उठला, रेडिओने त्यांना काही दिवस बाजूला बसवलं, आणि त्यांनी परत न जाण्याचा निर्णय घेतला.

त्याच वेळी भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या काठावर, अल्जेरियात, बुआलेम सॅन्साल हे वृद्ध कादंबरीकार तुरुंगात होते. फ्रेंच येण्यापूर्वी पश्चिम अल्जेरियाचा काही भाग मोरोक्कोचा होता, असं त्यांनी एका मुलाखतीत म्हटलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानतळावर उतरताच त्यांना अटक झाली, मार्च २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी शब्द टाकल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माफी मिळून ते सुटले.

फ्रेंच राजवट अल्जेरियातून १९६२ सालीच गेली. मग तिच्याबद्दलच्या एका वाक्यावरून आज कुणाची नोकरी जाते, कुणाला कोठडी होते, हे कसं? बातम्या वाचून याचं उत्तर मिळत नाही. पुस्तकं वाचून मिळतं. कारण फ्रान्सच्या संसदेने या लढाईला कायद्याच्या भाषेत ‘युद्ध’ म्हणायला १९९९ साल उजाडलं. तोवर सरकारी कागदांत ती ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ होती. सरकार ज्याचं नाव घेत नव्हतं ते लेखकांनी लिहून ठेवलं, आणि त्यातली काही पुस्तकं सरकारने जप्त केली.

आधी थोडा नकाशा

अरब-मुस्लिम जगात फ्रान्सचा पसारा मोठा होता. १८८१ मध्ये ट्युनिशिया, १९१२ मध्ये मोरोक्को, पहिल्या महायुद्धानंतर सीरिया आणि लेबनॉन. पण या देशांत स्थानिक राजा किंवा सरकार नावापुरतं तरी ठेवलेलं होतं. आपल्याकडच्या संस्थानांसारखं : गादीवर महाराज, आणि शेजारी रेसिडेंट साहेब.

अल्जेरियाचं तसं नव्हतं. १८४८ मध्ये फ्रान्सने जाहीर केलं की अल्जेरिया ही वसाहतच नाही, तो फ्रान्सचाच भाग आहे. देशाच्या उत्तर पट्ट्याचे तीन फ्रेंच जिल्हे पाडले : अल्जिअर्स, ओराँ, कॉन्स्टन्टाइन. हे वाचताना गोवा आठवतो. नेहरूंचं सरकार गोव्याबद्दल बोलू लागलं तेव्हा पोर्तुगालने १९५१ मध्ये राज्यघटनाच बदलली आणि गोव्याला वसाहत न म्हणता ‘सागरापारचा प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. जे आपलंच आहे ते सोडायचा प्रश्न कुठे येतो, हा त्यामागचा युक्तिवाद. फ्रान्सने तो शंभर वर्षं आधी केला होता.

आणि तिथे माणसं नेऊन वसवली. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, माल्टाचे कोळी. १९५४ पर्यंत साधारण नव्वद लाख मुसलमानांमध्ये दहा लाखांच्या आसपास युरोपीय राहत होते. इंग्रज भारतात नोकरी करायला आले आणि पेन्शन घेऊन परत गेले. अल्जेरियातल्या युरोपीयांच्या चार-चार पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथेच पुरल्या गेल्या. म्हणून तो देश सोडणं इतकं रक्तबंबाळ झालं.

उधारीचा गहू आणि माश्या हाकायचा पंखा

१७९० च्या दशकात फ्रान्सने आपल्या सैन्यासाठी अल्जिअर्सहून गहू उधारीवर घेतला होता. पैसे द्यायचं नाव नाही. तीसेक वर्षांनी, १८२७ मध्ये, अल्जिअर्सच्या शासकाने, त्याला ‘दे’ म्हणत, फ्रेंच वकिलाला याबद्दल विचारलं. वकिलाच्या उत्तराने भडकून त्याने हातातल्या माश्या हाकायच्या पंख्याने त्याला मारलं. हा अपमान पुढे करून, आणि आपल्या डळमळत्या सिंहासनाला एखाद्या विजयाचा टेकू मिळेल या आशेने, दहाव्या चार्ल्स राजाने १८३० च्या उन्हाळ्यात फौज पाठवली. ५ जुलैला अल्जिअर्स पडलं. त्याच महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये उठाव होऊन राजाची गादी गेली. फौज मात्र तिथेच राहिली, पुढची १३२ वर्षं.

पुढची सतरा वर्षं अब्द अल-कादिर या अमीराने आणि इतरांनी कडवी झुंज दिली. तिला तोंड देण्यासाठी जनरल ब्युजोच्या सैन्याने अवलंबलेली पद्धत अशी : गावाची उभी पिकं जाळायची, गुरं हाकून न्यायची, धान्याची पेवं लुटायची. १८४५ च्या जूनमध्ये दाहरा डोंगरात एक जमात बायकामुलांसह, गुराढोरांसह गुहांमध्ये लपली. कर्नल पेलिसिएने गुहांच्या तोंडाशी आगी पेटवल्या. आत शेकडो माणसं धुराने गुदमरून मेली.

हा प्रसंग मला कळला तो आसिया जेबार यांच्या ‘लामूर, ला फान्तासिया’ या १९८५ च्या पुस्तकातून. जेबार अल्जेरियन होत्या, इतिहास शिकलेल्या होत्या, पुढे २००५ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून गेल्या. त्यांनी फ्रेंच अधिकाऱ्यांचे अहवाल आणि घरी पाठवलेली पत्रं वाचली. पेलिसिएने केलेल्या कृत्याचा अहवाल तपशीलवार लिहिला, म्हणून पॅरिसमध्ये ओरड झाली, म्हणून ते मेलेले लोक इतिहासात उरले. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका अधिकाऱ्याने अशीच एक गुहा बुजवली, पण जाहीर वाच्यता केली नाही. फक्त भावाला पत्रातून कळवलं. जेबार लिहितात की पेलिसिएचे आभार मानावेत असं त्यांना वाटून जातं. आपल्या पणज्यांना मारणाऱ्याचे आभार, का, तर त्याने लिहून तरी ठेवलं. हे पान वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

जमीन कशी गेली : सातबाऱ्याच्या भाषेत

कोकणातल्या कुठल्याही माणसाला हे चटकन समजेल. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, जमीन सगळ्यांची मिळून, कसायची कुणी आणि पिकलेलं वाटायचं कसं हे घरातलं घरात ठरलेलं. अल्जेरियातली बरीच जमीन अशीच होती, कुळाची किंवा जमातीची सामाईक. १८७३ च्या वार्निए कायद्याने तिला फ्रेंच मालकी कायदा लावला. त्या कायद्याचं एक तत्त्व असं, की कुणालाही सामाईकात राहायची सक्ती करता येत नाही. कोणत्याही एका हिस्सेदाराने मागितलं की वाटप झालंच पाहिजे.

ऐकायला किती न्याय्य! घडलं ते असं. बाहेरचा दलाल अडचणीतल्या एका भावाकडून त्याचा चिमूटभर हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टात वाटप मागायचा. शंभर हिस्से, प्रत्येकाला नोटीस, मोजणी, वकील. खर्च जमिनीच्या किमतीच्या वर जायचा. शेवटी सगळीच जमीन लिलावात, आणि लिलावात बोली लावायला पैसा असलेला माणूस एकच, तो दलाल. गोळी न झाडता जमात भूमिहीन.

त्याआधी १८७१ मध्ये मोकरानीच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला होता. तो मोडल्यावर दंड म्हणून लाखो हेक्टर जमीन सरकारजमा झाली, आणि पुढाऱ्यांना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर पाठवलं गेलं.

‘मुसलमान’ हा शब्द कायद्यात शिरला तेव्हा

सगळ्या गुंत्याची गाठ इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

अल्जेरिया जर फ्रान्सच, तर तिथली माणसं फ्रेंच नागरिक असायला हवीत. मग नव्वद टक्के मतं त्यांची होतील. ते तर नको होतं. १८६५ च्या एका हुकुमाने यातून वाट काढली : अल्जेरियातले मुसलमान ‘फ्रेंच’ आहेत, पण ‘नागरिक’ नाहीत. लग्न, वारसा, घटस्फोट यांबाबतचे त्यांचे धार्मिक कायदे त्यांनी पाळावेत. नागरिकत्व हवं असेल तर ते कायदे सोडून अर्ज करावा.

म्हणजे राष्ट्रीयत्व फ्रान्सचं, पण मत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा, पण सभेत हात वर करायचा नाही. सैन्यात जायचं, कर भरायचे, आणि वर १८८१ पासून ‘अँदिजेना’ नावाची वेगळी दंडसंहिता. या संहितेत फक्त ‘देशी’ लोकांनाच लागू असलेले गुन्हे होते : अधिकाऱ्याशी उद्धट बोलणं, परवान्याविना प्रवास, परवानगीशिवाय जमणं. शिक्षा द्यायला न्यायालय लागत नसे. प्रशासक अधिकारीच देऊ शकायचा. मामलेदारच फिर्यादी आणि मामलेदारच न्यायाधीश.

इथे एक शंका हमखास येते. मुसलमानांनी शरियतचे कौटुंबिक कायदे सोडले असते तर नागरिकत्व मिळालं असतं ना? मग हट्ट त्यांचाच नाही का?

शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर पात्रिक वेल या इतिहासकाराच्या फ्रेंच नागरिकत्वावरच्या २००२ च्या ग्रंथात फार चोख मिळतं. पहिली गोष्ट, असा अर्ज करणं म्हणजे गावाच्या नजरेत धर्म सोडणं होतं. अशा माणसाला ‘म्तुर्नी’, म्हणजे ‘फिरलेला’ म्हणत, त्याच्याशी सोयरीक तुटे. दुसरी, अर्ज करणाऱ्यालाही अधिकारी वर्षानुवर्षं हेलपाटे घालायला लावत. जवळजवळ शंभर वर्षांत या मार्गाने नागरिक झाले ते अवघे काही हजार. तिसरी गोष्ट ऐकून मी चक्रावलो. जे ख्रिस्ती झाले त्यांचं काय? १९०३ मध्ये अल्जिअर्सच्या अपील न्यायालयाने सांगून टाकलं की ‘मुसलमान’ या शब्दाचा अर्थ निव्वळ श्रद्धेपुरता नाही. मुस्लिम मुळाचा, नागरिकत्व न मिळालेला जो कुणी, तो मुसलमानच, मग तो इस्लाम पाळो न पाळो. बाप्तिस्मा घेतलेला माणूस कायद्याने मुसलमान! धर्म बदलला तरी कपाळावरची जात पुसली जात नाही, हे ज्यांनी आपल्याकडे पाहिलंय त्यांना याचा अर्थ वेगळा समजावायला नको.

दुसरीकडे १८७० च्या क्रेमिए हुकुमाने अल्जेरियातले सुमारे पस्तीस हजार ज्यू एका फटक्यात नागरिक झाले. शतकानुशतकं एकाच गल्लीत, एकच अरबी बोलत राहिलेले शेजारी एका सहीने वेगवेगळ्या पायऱ्यांवर गेले. आणि १८८९ च्या कायद्याने तिथे जन्मलेली स्पॅनिश, इटालियन, माल्टी मुलं आपोआप फ्रेंच झाली. त्यांच्याकडे कुणी काही सोडायची मागणी केली नाही.

भारतात मुस्लिम व्यक्तिगत कायदा आहे आणि मुसलमानाला मतही आहे. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. अल्जेरियात त्या जाणूनबुजून बांधल्या गेल्या. १९३६ मध्ये पंतप्रधान लेओं ब्लूम यांच्या सरकारने वीसेक हजार शिकलेल्या मुसलमानांना व्यक्तिगत कायदा न सोडता मत द्यायचं ठरवलं. लाखो नव्हे, वीसेक हजार. स्थायिक युरोपीयांच्या महापौरांनी राजीनाम्याच्या धमक्या दिल्या आणि प्रस्ताव संसदेत मतदानालाही आला नाही. १९४७ मध्ये अखेर विधानसभा दिली, तीत १२० जागा : साठ युरोपीयांच्या मतदारसंघाला, साठ बाकी सगळ्यांना. एका युरोपीयाचं मत आठ-नऊ मुसलमानांच्या बरोबरीचं. तरीही त्या साठ जागांच्या निवडणुकांत मतपेट्यांशी उघड खेळ झाला.

‘पण रस्ते, रेल्वे, दवाखाने तर दिले!’

हे वाक्य आपल्यालाही पाठ आहे. फ्रान्सने तर २००५ मध्ये कायदाच केला, की शाळेच्या अभ्यासक्रमात सागरापारच्या, विशेषतः उत्तर आफ्रिकेतल्या, फ्रेंच राजवटीची ‘सकारात्मक भूमिका’ मान्य केली जावी. इतिहासाच्या प्राध्यापकांनी आणि शिक्षकांनी एवढा विरोध केला की पुढच्या वर्षी ते कलम काढावं लागलं.

रस्ते झाले, बंदरं झाली, दवाखाने झाले, हे खरंच आहे. पण एखाद्याने आपल्या घरात घुसून अंगणात विहीर खणली, तर विहिरीचं पाणी गोड आहे की नाही या चर्चेआधी ती कुणासाठी खणली हे पाहावं लागतं. अल्जेरियातली द्राक्षमळ्यांची प्रचंड शेती हे त्याचं उदाहरण : दारू न पिणाऱ्या लोकांच्या सुपीक जमिनीवर फ्रान्सच्या बाजारासाठी वाइनची द्राक्षं, आणि स्थानिक शेतकरी डोंगरउतारावरच्या खडकाळ तुकड्यात बार्ली पेरतोय. शंभरहून अधिक वर्षं ‘सुसंस्कृत करण्याचं कार्य’ चालल्यावरही १९५० च्या दशकात बहुसंख्य मुस्लिम मुलं शाळेबाहेर होती.

या प्रश्नावर सर्वांत नेमकं बोट ठेवलं ते ट्युनिशियात जन्मलेल्या आल्बेर मेम्मी यांनी, ‘वसाहतवाला आणि वसाहतीतला’ असं ज्याचं नाव मराठीत सांगता येईल त्या १९५७ च्या पुस्तकात. मेम्मी ज्यू होते : फ्रेंचांच्या खाली, मुसलमानांच्या किंचित वर. मधल्या पायरीवरून दोन्हीकडचं दिसतं. ते दाखवतात की दुसऱ्याची जागा बळकावून बसलेल्या माणसाला ती आपल्या लायकीने मिळाली असं स्वतःला पटवावंच लागतं. म्हणून तो आपले गुण वाढवत नेतो आणि समोरच्याचे दोष : आळशी, लबाड, रानटी. व्यक्तीने भला असला तरी त्याची यातून सुटका नाही, कारण त्याचा पगार, त्याची बढती, त्याच्या मुलाची शाळा या सगळ्याचा पाया तोच आहे.

युद्धाच्या ऐन मध्यात लिहिलेली तीन पुस्तकं

१ नोव्हेंबर १९५४ ला राष्ट्रीय मुक्ती आघाडीने देशभर हल्ले करून युद्ध पुकारलं. त्याच दिवशी, तारीख अगदी तीच, फ्रान्सने पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानम यांचा कारभार भारताच्या हाती दिला. इथे एका सहीवर सोडलं आणि तिथे पावणेआठ वर्षं लढले, याचं कारण ते दहा लाख स्थायिक. पुदुच्चेरीचं हस्तांतर कायद्याने पक्कं झालं तेही १९६२ च्या ऑगस्टमध्ये, अल्जेरिया स्वतंत्र झाल्यानंतर.

पहिलं पुस्तक आन्री अलेग यांचं, ‘ला केस्तियों’. म्हणजे ‘प्रश्न’; पण जुन्या फ्रेंच न्यायव्यवस्थेत हाच शब्द छळ करून कबुली घेण्यासाठी वापरत. अलेग हे ‘अल्जे रेप्युब्लिकँ’ या बंदी घातलेल्या वृत्तपत्राचे संपादक. जून १९५७ मध्ये छत्रीधारी सैनिकांनी त्यांना पकडलं. विजेचे झटके, नाकातोंडात पाणी, भाजणं. तुरुंगातून त्यांनी एकेक कागद वकिलांकरवी बाहेर पाठवला. फेब्रुवारी १९५८ मध्ये पुस्तक निघालं, काही आठवड्यांत हजारो प्रती खपल्या, मार्चमध्ये सरकारने जप्त केलं. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोचा छळ सोसलेल्या देशाला कळलं की आपली पोरं आता तेच करताहेत. अलेग यांनी, छळ चालायचा त्याच इमारतीत, मोरिस ओदाँ या २५ वर्षांच्या गणितज्ञाला पाहिलं होतं. ओदाँ परत कधीच दिसला नाही. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांनी मान्य केली ती सप्टेंबर २०१८ मध्ये, ६१ वर्षांनी.

दुसरं, फ्रांत्झ फॅनन यांचं ‘द रेचेड ऑफ द अर्थ’, १९६१. फॅनन मार्टिनिक बेटावरचे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ. १९५३ पासून अल्जिअर्सजवळच्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम करत, नंतर राजीनामा देऊन मुक्ती आघाडीत गेले. पुस्तक निघालं त्याच वर्षीच्या डिसेंबरात रक्ताच्या कर्करोगाने वारले, वय ३६. हिंसेवरचं पहिलं प्रकरण गाजलं, त्यावरच सगळे भांडतात. फॅनन यांनी हिंसेत जो रोगमुक्तीचा गुण पाहिला तो मला पटत नाही, आणि त्यांच्याच पुस्तकातलं शेवटचं प्रकरण त्याविरुद्ध साक्ष देतं. त्यात रुग्णांच्या नोंदी आहेत. एक युरोपीय पोलीस अधिकारी, जो दिवसभर कैद्यांचा छळ करतो आणि घरी येऊन बायकोमुलांना मारतो. त्याला नोकरी सोडायची नाही, तर मनाला न टोचता छळ करता यावा एवढा इलाज हवाय. आणि तेरा-चौदा वर्षांचे दोन अल्जेरियन मुलगे, ज्यांनी आपल्याच खेळगड्याला, एका युरोपीय मुलाला, मारलं. वेळ कमी असेल तर फॅननचं हे प्रकरण आधी वाचा.

तिसरं मुलूद फेराऊन यांचं. त्याच्याकडे शेवटी येतो.

नाव नसलेला माणूस

अल्जेरियात जन्मलेले फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांची ‘द आउटसायडर’ (१९४२) मराठी वाचकांनाही परिचयाची. समुद्रकिनाऱ्यावर, उन्हाच्या तिरिपीत, मर्सो एका माणसाला गोळ्या घालतो. त्या माणसाला कादंबरीत नाव नाही. तो फक्त ‘अरब’. खटल्यातही चर्चा त्याच्या मरणापेक्षा मर्सो आईच्या अंत्यविधीत रडला नाही याचीच जास्त.

सत्तरेक वर्षांनी कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाने त्या मृताला नाव दिलं : मूसा. ‘द मर्सो इन्व्हेस्टिगेशन’ या २०१३ च्या कादंबरीत मूसाचा म्हातारा धाकटा भाऊ ओराँच्या एका बारमध्ये बसून आपली बाजू सांगतो. दाऊद फक्त काम्यूंना जाब विचारत नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या अल्जेरियालाही विचारतात.

काम्यूंबद्दल न्यायाने एक सांगायला हवं. १९३९ मध्ये कबिलिया डोंगराळ भागातल्या उपासमारीवर, कचऱ्यातलं अन्न मिळवायला कुत्र्यांशी झगडणाऱ्या मुलांवर, लिहिणारे हेच काम्यू. आणि ते लेख छापून आले ते ‘अल्जे रेप्युब्लिकँ’मध्ये, पुढे अलेग ज्याचे संपादक झाले त्याच पत्रात. भूक त्यांना दिसली. स्वतंत्र अल्जेरिया मात्र त्यांच्या कल्पनेत मावला नाही.

मग आजच्या बुरख्याच्या वादाशी याचा काय संबंध?

फ्रान्समध्ये १९०५ चा एक कायदा आहे : राज्य आणि धर्म वेगळे. राज्य कुठल्याही धर्माला पगार देणार नाही, कुणाच्या कारभारात लक्ष घालणार नाही. या तत्त्वाला ‘लाइसिते’ म्हणतात. २००४ मध्ये सरकारी शाळांत डोक्यावरच्या रुमालासह ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली, ती याच तत्त्वाचं नाव घेऊन. मुसलमानांना लाइसिते समजतच नाही, असं तिथे सर्रास म्हटलं जातं.

अल्जेरियाचा इतिहास वाचल्यावर हे वाक्य अडखळतं. १९०५ चा कायदा तिथे लागू करताना इस्लामसाठी पळवाट ठेवली गेली. मशिदी आणि इमामांचे पगार सरकारच्याच हातात राहिले, कारण शुक्रवारच्या प्रवचनावर लगाम हवा होता. आणि हा कायदा आम्हालाही लावा, इस्लामला राज्यापासून मोकळं करा, अशी मागणी करत होते अब्दुलहमीद बिन बादिस यांनी १९३१ मध्ये स्थापलेल्या संघटनेचे उलेमा. लाइसिते मागणारे मौलवी होते आणि नाकारणारं प्रजासत्ताक होतं.

मे १९५८ मध्ये अल्जिअर्सच्या भर चौकात सैन्याच्या पुढाकाराने समारंभ झाले, त्यांत मुस्लिम बायकांचे बुरखे उतरवले गेले : पाहा, फ्रान्स तुम्हाला मुक्त करतंय. आदल्याच वर्षी त्याच सैन्याच्या छळकोठड्यांत काय चाललं होतं ते अलेगनी लिहिलंय. फॅनन यांनी पुढच्याच वर्षी बुरख्यावर एक निबंध लिहिला आणि दाखवलं की परक्या सत्तेने ओढायला हात घातला की कापडाचा तुकडा प्रतिकाराचा झेंडा होतो. ज्यांनी तो आपणहून टाकला असता त्याही मग तो घट्ट धरतात. बुरख्याच्या बाजूने बोलण्याचा माझा मुळीच हेतू नाही. बाईने काय घालावं हे तिने ठरवावं, मौलवीने नाही आणि मंत्र्यानेही नाही. पण आज पॅरिसच्या उपनगरातल्या मुलीला शाळेच्या दारात रुमाल काढायला सांगतात तेव्हा तिच्या आजीला कुठला चौक आठवत असेल, हे फ्रेंच वाचकाला ठाऊक नसतं.

‘साठ वर्षं होऊन गेली, आता विसरा’

विसरायला आधी सांगितलं तरी पाहिजे. १७ ऑक्टोबर १९६१ ला फक्त अल्जेरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध हजारो लोक पॅरिसच्या रस्त्यांवर शांतपणे उतरले. पोलिसांनी त्यांना मारलं, कित्येकांना सेन नदीत फेकलं. सरकारी आकडा होता तीन मृत. जाँ-ल्युक एनोदी यांनी १९९१ मध्ये ‘ला बताय द पारी’ हे पुस्तक लिहून तो खोटा पाडला. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या वरपर्यंत जातात. त्या वेळचे पोलीसप्रमुख मोरिस पापों यांनी पुढे एनोदींवर बदनामीचा खटला भरला. दोन सरकारी अभिलेखपालांनी एनोदींच्या बाजूने साक्ष दिली आणि १९९९ मध्ये पापों हरले. हेच पापों त्याच्या आदल्या वर्षी नाझी काळात ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवल्याबद्दल दोषी ठरले होते. एकाच माणसाची दोन कृत्यं. एकावर खटला चालला, दुसऱ्यावर कधीच नाही.

शिवाय हा इतिहास घराघरांत आहे. बारा लाखांच्या आसपास फ्रेंच तरुण सक्तीच्या भरतीने तिथे लढून आले आणि बहुतेक गप्प राहिले. स्थायिक युरोपीय १९६२ च्या उन्हाळ्यात एका-एका सुटकेसनिशी फ्रान्सला आले. फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या मुसलमानांना, ‘हार्की’ना, फ्रान्सने बहुतांशी मागेच सोडलं; हजारो मारले गेले, जे पोचले ते काटेरी तारांच्या छावण्यांत राहिले. आणि कामासाठी आलेले अल्जेरियन मजूर. या मजुरांवर अब्देलमालेक सायाद या अल्जेरियन समाजशास्त्रज्ञाने आयुष्य घातलं. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञासोबत लिहिलेल्या १९६४ च्या पुस्तकात त्यांनी युद्धकाळात सैन्याने गावांतून उठवून छावण्यांत कोंबलेल्या वीस लाखांहून अधिक शेतकऱ्यांचं काय झालं ते नोंदवलं. जमिनीवरून उपटलेला शेतकरीच पुढे फ्रेंच कारखान्याच्या दारात उभा राहिला. ‘हे लोक इथे आलेच का?’ या प्रश्नाचं उत्तर सातबाऱ्यापासून सुरू होतं.

‘आणि अल्जेरियाचं सरकार?’

त्याच्याकडे बोट दाखवलंच पाहिजे. स्वातंत्र्ययुद्धाचं पुण्य सत्ताधाऱ्यांनी साठ वर्षं वटवलंय. मुक्ती आघाडीनेही आपल्याच विरोधकांना मारलं, बॉम्ब कॅफेत ठेवले; त्यावर तिथे मोकळेपणाने बोलता येत नाही. पंधरा लाख हुतात्मे हा तिथला अधिकृत आकडा. बरेच इतिहासकार तीन ते चार लाखांच्या आसपासचा अंदाज देतात, पण तो उच्चारणंही द्रोह ठरू शकतो. १९९० च्या दशकातल्या यादवीत लाखभर माणसं मेली, तर त्या जखमा ‘वापरून’ राज्याची प्रतिमा डागाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आहे. दाऊद यांच्या त्याच यादवीवरच्या ‘ऊरी’ या कादंबरीला २०२४ मध्ये फ्रान्सचा सर्वोच्च गाँकूर पुरस्कार मिळाला. त्यांच्या मायदेशात ती मिळत नाही. सॅन्साल यांचं तर वर आलंच.

दोन्ही सरकारांना तो काळ हवा आहे, फक्त आपापल्या सोयीचा. म्हणून मी फॅनन आणि हॉर्न आणि एनोदी वाचूनही पुन्हा जातो तो फेराऊनकडे. (युद्धाचा सगळा पट एका पुस्तकात हवा असेल तर अ‍ॅलिस्टर हॉर्न यांचं १९७७ चं ‘अ सॅव्हेज वॉर ऑफ पीस’ आहे, जाडजूड, पण इंग्रजीत सहज मिळतं.)

मुलूद फेराऊन हे कबिलियातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, शाळामास्तर, फ्रेंचमध्ये लिहिणारे, काम्यूंचे मित्र. नोव्हेंबर १९५५ पासून त्यांनी रोजनिशी ठेवली. सैनिक गावात येऊन बायकांवर अत्याचार करतात, तेही त्यात आहे. मुक्ती आघाडीचे लोक रात्री येऊन तंबाखू ओढणाऱ्याला शिक्षा करतात, वर्गणी वसूल करतात, संशयावरून गळे चिरतात, तेही आहे. स्वातंत्र्य हवंच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही; आणि ते आणणाऱ्यांची भीतीही ते लपवत नाहीत. वह्या ते शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवायचे.

१५ मार्च १९६२ ला अल्जिअर्सच्या एका शिक्षणकेंद्रात बैठक चालू असताना स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या युरोपीयांच्या गुप्त सेनेचे लोक आत आले. यादीतून नावं पुकारली, सहा जणांना बाहेर भिंतीशी उभं केलं आणि गोळ्या घातल्या. फेराऊन त्या सहांत होते. चार दिवसांनी युद्धबंदी लागू झाली. रोजनिशी त्याच वर्षी छापून आली. तिच्यातली शेवटची नोंद १४ मार्चची आहे.